मागुमेदेची गाठ

एकतीस वर्षं मी बुलावायोच्या एका बँकेत रोखपाल होतो आणि एकतीस वर्षांत माझ्या हातून एक नोट जास्त गेली नाही की कमी आली नाही. हे मी सगळ्यांना सांगतो. कुणी विचारलं नाही तरी सांगतो. आमची मालुंगा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "तुमच्या थडग्यावर तेवढंच कोरून घेऊ. दुसरं काही कोरण्यासारखं केलेलंच नाहीत."

आमच्या देशात पैशाची किंमत रोज कोसळत होती त्या साली माझ्या निवृत्तिवेतनापेक्षा ते आणायला जायचं बसभाडं जास्त झालं, म्हणून मी ते आणायचंच सोडलं. घरातली पुढची खोली परदेशी पाहुण्यांना भाड्यानं द्यायला लागलो. नोटा कोटींच्या, आणि त्यांच्यावर दुधाच्या पिशवीसारखी मुदतीची तारीख छापलेली. हॉटेलात आम्ही जेवायच्या आधी पैसे देत होतो, कारण हात धुऊन येईपर्यंत भाव बदलायचा. पाहुणे बिचारे शेवटी पाकीट काढायचे आणि तिथंच फसायचे. मग मी त्यांना चोरून डॉलर बदलून देणाऱ्या मागुमेदेकडे न्यायचो.

मागुमेदे लांब पल्ल्याच्या बसच्या कोच स्टँडसमोर उलट्या खोक्यावर बसायची. गुमेदे घराण्याची लेक म्हणून मागुमेदे. पन्नाशीची विधवा, अंगावर चर्चचा पांढरा झगा, डोक्याला पांढरा रुमाल, हातात सतत विणकाम. पाठीवर चादरीत बाळ बांधलेलं. त्या बाळाला हात, पाय, तोंड काही नव्हतं, सगळ्या नोटांच्या गड्ड्या. पोलीस आले की ही उठून पाठीवर थोपटायची आणि अंगाई म्हणत चालू लागायची. एका हवालदारानं एकदा विचारलं, "बाळ कधी मोठं होणार गं?" ही म्हणाली, "रोज होतंय की. वजन बघता का?" तो हसला आणि पुढं गेला.

ती नोटा मोजायची नाही. गड्डी तळहातावर घ्यायची, अंगठ्यानं दाबायची आणि हिरव्या लोकरीनं बांधून वर स्वतःची एक गाठ मारायची. ती गाठ असली की गावात गड्डी कुणी उघडत नसे. पाववाला, भाजीवाली, तिकीट खिडकी, सगळे नुसत्या गाठी मोजून घ्यायचे. मोजायला वेळ होता कुणाला? शंभर नोटा मोजेपर्यंत त्यांची किंमत नव्वद नोटांची व्हायची.

मला मात्र हे सगळं अडाणीपणाचं वाटायचं. अहो, रोखपाल ना मी!

जूनमध्ये आमच्याकडे योरिस नावाचा डच म्हातारा उतरला होता. निवृत्त पोस्टमन. एका गुरुवारी सकाळी शेजारच्या फोनवर त्याला निरोप आला. त्याची बायको मार्टा जिन्यावरून पडली होती आणि शनिवारी तिचं ऑपरेशन होतं. शुक्रवारचं विमान जोहान्सबर्गहून होतं आणि ते गाठायचं तर गुरुवारचा तीनचा कोच पकडायलाच हवा होता. खिशात वीस-वीस अमेरिकन डॉलरच्या दोनच नोटा उरल्या होत्या. म्हातारा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "ती भित्री आहे हो. सुईला घाबरते. मी नसलो तर आत जायचीच नाही."

मी म्हणालो, "घाबरू नका. तुम्ही एका रोखपालाच्या घरी उतरला आहात."

आठ वाजता आम्ही मागुमेदेकडे गेलो. तिनं दोन्ही नोटा उजेडात धरून पाहिल्या आणि ऐंशी गड्ड्या मक्याच्या पिठाच्या पोत्यात टाकल्या.

"साहेब," ती म्हणाली. बँकेत असल्यापासून ती मला साहेबच म्हणते. "तिकीट बहात्तर गड्ड्यांचं आहे. सरळ खिडकीवर जा. एकला मॅनेजर खडू घेऊन येतो, फळ्यावर नवा भाव लिहायला. आणि गाठी सोडू नका."

"बाई, पाहुण्याचे पैसे आहेत. न मोजता कसे देऊ?"

"जसे मी दिले तसे!"

बाजूच्या बायका हसल्या. झालं! तिथंच माझं डोकं फिरलं. मी पोतं उचललं आणि म्हाताऱ्यासकट घरी आलो.

"मोजायलाच हवं का?" योरिसनं घाबरत विचारलं.

"एक नोट कमी निघाली तर तुम्ही मला नाव ठेवाल," मी म्हणालो आणि पलंगावर ऐंशीच्या ऐंशी गाठी कात्रीनं कापल्या. काय सुख वाटलं म्हणून सांगू! स्पंज ओला केला, बाह्या दुमडल्या आणि बसलो. आमच्या बँकेचा नियम होता, दोनदा मोजायचं, दुसऱ्यांदा उलट्या बाजूनं. त्रेपन्नाव्या गड्डीला मालुंगा ओरडली, "अहो, नळाला पाणी आलंय, बादली लावा!" आणि माझा आकडा गेला. पुन्हा पहिल्यापासून. म्हातारा दारात उभा राहून घड्याळ बघत होता. मी त्याला बोट ओठावर ठेवून गप्प केलं. आता आठवलं की ते बोट तोडावंसं वाटतं.

आठ हजार नोटा. एक जास्त नाही, एक कमी नाही. प्रत्येक गड्डीला मी वर्तमानपत्राची पट्टी लावली आणि वर माझी सही केली. तेव्हा साडेबारा वाजले होते.

"म्हणजे बाईंनी दिले ते बरोबरच होते?" योरिस म्हणाला.

"हो, पण आता आपल्याला ते माहीत आहे," मी ऐटीत म्हणालो. मालुंगानं कपाळावर हात मारला.

खिडकीवर पोचलो तेव्हा एकला वीस मिनिटं होती. आतल्या मुलीनं एक गड्डी उचलून उलटीसुलटी केली.

"गाठ कुठाय?"

"मी मोजलंय, पोरी. दोनदा. ही सही बघ."

"कुणाची सही ही?"

"म्बोनिसी न्याथी. मुख्य रोखपाल, निवृत्त."

मागची रांग खो खो हसली. एक जण म्हणाला, "आजोबा, नोटेवर गव्हर्नरची सही आहे, तिला कुणी विचारत नाही. तुमची कुठं घेऊन बसलात?" मुलीनं गड्डी बाहेर सरकवली. "सुट्या नोटा मोजायला मला संध्याकाळ होईल. गाठीच्या आणा. पुढचा कोण?"

योरिस पोत्यावर मटकन खाली बसला. नुसतं म्हणाला, "मार्टा वाट बघेल." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी रस्ता ओलांडून मागुमेदेसमोर उभा राहिलो. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"कापल्यात?"

"कापल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"शाब्बास! एखादी तरी ठेवायची, आठवण म्हणून." ती उठली, लोकरीचा गुंडा घेतला आणि भराभर चालू लागली. मी मागून.

तिनं खिडकीखाली फरशीवर बैठक मारली. माझी पट्टी टरकावली, गड्डी अंगठ्यानं दाबली, लोकर गुंडाळली, गाठ. पुढची. सह्यांचे कागद तिच्याभोवती पडत होते. गुंडा योरिसच्या हातात दिला होता, आणि म्हातारा तो असा जपून धरून बसला होता की जणू तिकीटच आहे. मला तिनं गड्ड्या हातात द्यायच्या कामाला लावलं. "पटापट द्या, साहेब. मोजू नका!"

सत्तरावी गाठ पडली आणि मॅनेजर खडू घेऊन आला. त्यानं बहात्तर पुसून नव्वद लिहिलं.

मागुमेदेनं फळ्याकडे एकदा पाहिलं आणि राहिलेल्या दहा गाठी मारून संपवल्या. मग पाठीवरची चादर सोडली, बाळ मांडीवर घेतलं आणि त्यातनं दहा गड्ड्या काढून वर ठेवल्या. खिडकीतल्या मुलीनं गाठी मोजल्या, नव्वद, आणि तिकीट फाडलं. योरिसनं मागुमेदेचे दोन्ही हात धरले. ती म्हणाली, "जा बाबा, ती घाबरली असेल."

कोच गेल्यावर आम्ही दोघं कठड्यावर बसलो. मी म्हणालो, "तुमच्या दहा गड्ड्या मी परत करीन."

"कधी? तुम्ही जमवेपर्यंत त्याचे दोन टोमॅटोही यायचे नाहीत. राहू द्या."

"मग दिल्यात कशाला?"

"माझ्या हातून पैसे घेऊन गेलेला माणूस दारात अडकलेला मला चालत नाही."

मला गप्प बसता येत नाही, हा माझा जन्मजात रोग. मी म्हणालो, "पण मोजणी माझी बरोबर होती हं."

"होतीच," ती म्हणाली. "नेहमीच असते. आमचे हे रेल्वेत होते ना, अकरा वर्षं दर महिन्याला तुमच्याच खिडकीवर भरायचे. घर बांधायचं होतं. घरी येऊन सांगायचे, न्याथीसाहेब दोनदा मोजतात, आपला पैसा कुठं जात नाही. ते गेल्यावर मी सगळे काढायला आले. तुम्ही दोनदा मोजून दिलेत. एक नोट कमी नव्हती. जाताना दुकानात गेले, त्याचं एक अंडं आलं."

मला ती आठवेना. किती आठवायचा प्रयत्न केला! त्या खिडकीवर रोज कितीतरी बायका यायच्या, आणि मी कधी नोटांवरून मान वर केली नव्हती.

"तुमचा काय दोष, साहेब?" ती लोकर गुंडाळत म्हणाली. "तुम्ही बरोबरच मोजलंत."

एकतीस वर्षांत माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिनंही ठेवलं नाही. आणि मला तिथं, भर रस्त्यात, सगळ्या बायकांसमोर रडू आलं.