पवित्र व्हायला चांदवडला गेलो

नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात मी पोस्टाच्या तिकिटांचे ताव तपासायचो. रंग फिका, शाई पसरलेली, भोकं वाकडी असा ताव दिसला की तो बाजूला काढायचा, एवढंच माझं काम. त्यानं पोट भरलं आणि स्वभाव बिघडला. रविवारी उपासनेला बसलो तरी माझी तपासणी चालूच. कोण उशिरा आलं, कोण गाण्याच्या वेळी नुसतंच तोंड हलवतंय, प्रार्थनेत कोणाचे डोळे उघडे आहेत. ते दिसायला माझेही उघडेच असणार, हे मला बऱ्याच उशिरा सुचलं.

आमची ल्यूथरन पंथाची ख्रिस्ती मंडळी लहान, भाड्याच्या खोलीत भरायची. पाळकसाहेब उजागरे सायकलवरून येत आणि दर प्रवचनात फिरून फिरून एकाच गोष्टीवर येत: माणूस आपल्या कर्तबगारीनं देवापुढे नीतिमान ठरत नाही, विश्वासानं ठरतो. पवित्रपणा कमवायचा नसतो, तो दिला जातो. उपासनेतसुद्धा आधी देव आपली सेवा करतो, मग आपण त्याची. मी जोरजोरात मान डोलवायचो. एवढी सुंदर शिकवण आणि पुढच्या बाकावरचा धोंडीराम खुशाल पेंगतोय, याचं मला फार वाईट वाटायचं.

स्वतःपुरती मात्र मी वेगळी सोय केली होती. प्रभुभोजनाच्या, म्हणजे मंडळीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या, आदल्या दिवशी मी चाळीत फेरा मारायचो. ज्याच्याशी वाजलं असेल त्याच्या दारात उभं राहून माफी मागायची, त्यानं "केली" म्हटलं की पुढचं दार. समेट केल्याशिवाय प्रभूच्या मेजाजवळ जायचं नाही, हा माझा नेम. माझं तोंड तिखट, त्यामुळे फेरा लांबायचा. लोक मला बघून कडी लावून घेत. धोंडीराम आमच्याच चाळीतला, तो तर जेवता जेवता आतूनच ओरडायचा, "केली रे माफ, दार ओढून घे!"

आई, सावित्रीबाई, हे सगळं खाटेवरून बघायची. अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात ती कायमची खाटेला खिळली. डॉक्टरांनी औषधं कमी केली, त्यावरून काय ते आम्ही समजलो. एप्रिलमध्ये ती म्हणाली, "शांतवन, पाळकसाहेबांना घरी बोलव. तुझ्या शेजारी बसून एकदा प्रभुभोजन घेऊ दे. पुन्हा काही मी मागायची नाही." साहेबांनी रविवारी दुपारी येतो म्हणून सांगितलं.

आणि रविवारी सकाळीच नळावर माझं रंगूबाईंशी वाजलं. रंगूबाई आमच्या शेजारीण. त्यांनी माझी बादली सरकवून स्वतःचा हंडा लावला. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तासाभरानं डोकं थंड झाल्यावर त्यांच्या दाराशी गेलो, तर कुलूप. बाई लेकीच्या शेतावर गेलेल्या, चांदवडला.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? आईजवळ बसला असता. मी स्टँडवर गेलो.

"अरे, आज कुठं निघालास?" आईनं विचारलं होतं.

"समेट करून येतो. असा कसा मेजाशी बसू?"

"आणि मला मधेच काही झालं तर?"

"दुपारच्या आत येतो," म्हणालो आणि सुटलो. स्वतःच्या पवित्रपणाची एवढी काळजी, की आईची करायला वेळच नव्हता.

चांदवडला उतरून विचारत विचारत शेत गाठलं. रंगूबाई सावलीत कांद्याची पात कापत बसल्या होत्या. मी हात जोडले.

"रंगूबाई, मला माफ करा."

"कशापायी वो भाऊ?"

"सकाळी नळावर बोललो त्याबद्दल."

त्यांनी विळा खाली ठेवला. "ते व्हय? ते तर मी इसरून बी गेले व्हते. आता तुम्ही आठवन दिली, आन् मला परत राग आला. नाय करत माफ!"

मी समजूत घातली. रंगूबाई हटेनात. "एवढं वाटतंय तर बसा, लागा कांद्याला," म्हणाल्या. मी बसलो. पात कापली, नाकाडोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा विचारलं. "लय घाई हाय तुम्हाला," म्हणून त्या हसल्या. तेव्हा माझा तोल गेला आणि सकाळी नळावर जे बोलायचं राहिलं होतं, तेही बोलून मोकळा झालो.

एसटी चुकली. कांद्याच्या ट्रकमध्ये गोण्यांवर बसून परत निघालो. वाटेत ड्रायव्हर चहाला थांबला, त्याच्यावरही ओरडलो. आई गेली असेल, या विचारानं गोण्यांवरून त्याला सारखी घाई करत राहिलो. मग मी देवावरही चिडलो. हिशेबच करायचा तर माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात अपवित्र दिवस.

घरात शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पाळकसाहेब खुर्चीत झोपले होते. स्टुलावर पांढरं कापड, भाकर, द्राक्षारस, सगळं तसंच. आई जागी होती. तिनं त्यांना सुरुवात करू दिली नव्हती.

"झालास का पवित्र?" तिनं विचारलं.

"नाही गं. होतो त्याहून बिघडून आलो."

"मग बस. चांगल्या माणसांसाठी साहेब एवढे ताटकळले असते होय?"

साहेब जागे झाले. हात धुवायला गेलो तर माठ रिकामा, नळ तर सकाळीच गेलेला. तसाच खाली बसलो. आईचा हात माझ्या हातात धरला. साहेब भाकर देताना म्हणाले, "तुझ्यासाठी." हा शब्द मी वर्षानुवर्षं ऐकत होतो आणि दर वेळी मनात म्हणत होतो, बरोबर आहे, मी सगळी दारं फिरून आलोय. त्या दिवशी म्हणायला काहीच नव्हतं. मी रडलो, आणि ते कांद्यामुळे नव्हतं.

आईनं माझी बोटं हुंगली. "लासलगावचा अख्खा कांदाबाजार घरात घेऊन आला मेला," म्हणाली आणि हसली.

त्याच आठवड्यात ती गेली. माती देऊन आलो, तर रंगूबाई दारात उभ्या. हातात पिठलं-भाकरीचं ताट. मला एकदम चांदवड आठवलं आणि मी हात जोडायला लागलो.

"खाली घ्या ते हात," त्या म्हणाल्या. "माफीबिफी काढली तर ताट परत नेईन. सकाळपासून पोटात काय नाय तुमच्या. खा."

मी हात खाली घेतले आणि जेवलो.