नायिकेच्या पदराची गाठ

कोथरूडच्या एका गेम स्टुडिओत आम्रपाली नऊ वर्षं पात्रांचे पोशाख रेखाटत होती. चिलखत असो की लुगडं, शिवण कुठे येणार हे ठरल्याशिवाय तिचा हात हलायचा नाही. आणि प्रत्येक पोशाखात, पदराला नाहीतर शेल्याच्या टोकाला, एक बारीकशी गाठ असायचीच. तिची आई चंद्रभागा वाघोलीच्या शाळेत शिपाई होती, वर्गाची किल्ली पदराच्या गाठीत बांधून ठेवायची. हे आम्रपालीने कुणालाच सांगितलं नव्हतं.

केदार तिच्याच हाताखाली तयार झालेला. धाकटा भाऊच म्हणा ना! चार वर्षं तिच्या डब्यातल्या दोन भाकऱ्यांपैकी एक त्याची. दिवाळीनंतर तो म्हणाला, "ताई, तुझी सगळी चित्रं एकत्र करू. प्रत्येकाखाली दोन ओळी लिही. काय घातलंय, कापड कसलं, चुण्या कशा. नवीन मुलांना शिकायला होईल."

बाई हरखली. अकराशे चित्रं होती, सहा रविवार त्यात गेले. आई बिचारी एकटीच जेवली. पण नव्या गेमच्या नायिकेचा पोशाख आम्रपालीला करायला मिळणार होता, तसा शब्दच दिला होता स्टुडिओच्या साहेबांनी. नऊ वर्षांत पहिल्यांदा नायिका!

सोमवारी ती चहा घेऊन केदारच्या मागे गेली, तर तो पडद्यावरच्या चौकटीत लिहीत होता, 'आम्रपाली'. तिला वाटलं, आपल्यालाच मेसेज करतोय. पुढे त्याने लिहिलं, 'लढवय्यी नायिका, निळी नऊवारी, चामड्याचा कमरपट्टा.' चहावर साय धरायच्या आत चार पोशाख समोर. तिच्याच चुण्या, तिचेच काठ. आणि चारही पदरांना गाठ.

"हे काय रे?"

केदार दचकला, पण लाजला नाही हो! "आपल्या चित्रांवर एआय मॉडेल शिकवून घेतलंय, ताई. तुझं नाव टाकलं की तुझा हात येतो. नायिका यातूनच करायचं ठरलंय."

आपल्या म्हणे! नवीन मुलं म्हणजे हे यंत्र होतं तर. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आम्रपालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"फक्त ही गाठ जात नाही बघ," केदार आपल्याच नादात. "गाठ नको म्हटलं तरी येते. तू सगळं लिहिलंस, पण गाठ कुठेच लिहिली नाहीस. त्यामुळे त्याला ती वेगळी काढताच येत नाही. दोन दिवस बसून सगळीकडे लिहून दे ना, मग काढून टाकू."

"ती माझ्या आईची आहे," आम्रपाली म्हणाली. "न विचारता नेलीस ना? आता सांभाळ."

"अगं, पण साहेब..."

"साहेबांना सांग, जिचं नाव टाइप करता, ती नाही म्हणाली."

दुपारी तिने डबा उघडला. केदार सवयीने खुर्ची ओढून आला आणि उभाच राहिला. तिने दोन्ही भाकऱ्या एकटीने खाल्ल्या.