काकांची फरशी वाळेना

"वाळलं का?" असं विचारेपर्यंत काकांचं बोट लागलेलंसुद्धा असायचं. शेजारणीचे पापड, देवळाच्या पायरीवरचा ओला चुना, शाळेच्या दाराला दिलेला हिरवा रंग, त्या बोटातून काही सुटायचं नाही. एकदा माझ्या मानेवर गळू झालं होतं. वैद्यांचा लेप लावून मी ओसरीवर बसलो होतो. "वाळलं का?" म्हणाले आणि दाबलं. मी असा काही ओरडलो की खालच्या गल्लीतली माणसं चौकशीला वर आली.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, शिजत्या भाताचं झाकण दर दोन मिनिटांनी काढणारा. आमचे काका त्या सगळ्यांचे गुरू. ते तुळजापुरात पुजारी, आणि मी नुकताच लागलेला मास्तर, त्यांच्या शेजारच्या खोलीत भाडेकरू. ते खाली बसलेत असं मी फार क्वचित पाहिलं. जेवतानासुद्धा एक गुडघा वर, उठायच्या तयारीत.

पुजाऱ्याचे ठरलेले यजमान त्याच्याच घरी उतरतात. ईट गावचं एक शेतकरी कुटुंब काकांच्या आजोबांपासून त्यांच्या पुढच्या खोलीत मुक्कामाला यायचं. आदल्या वर्षी त्या खोलीच्या मातीच्या जमिनीतून विंचू निघाला आणि यजमानांच्या सुनेला चावला. बाई वाचली, पण ईटच्या म्हाताऱ्यांनी गाठोडी उचलली आणि सगळे नव्या लॉजवर गेले. काका पूजा सांगायला लॉजवर जायचे. "पूजा माझ्या हातची आन्‌ झोप दुसऱ्याच्या दारात," हे वाक्य मी त्या वर्षात शंभरदा ऐकलं. यंदा नवरात्रातही यजमान लॉजवर उतरले तर कायमचे गेले, हे सगळ्या गल्लीला कळत होतं.

म्हणून काकांनी पुढच्या खोलीत शहाबादी फरशी घातली. सोलापूरच्या गवंड्यानं फरशा बसवल्या आणि मधल्या फटी भरायच्या आधीच "दोन दिवसांत येतो" म्हणून गेला. जाताना एवढं सांगितलं, की फटी भरल्या की चार दिवस ओली पोती टाकायची आणि आत पाय ठेवायचा नाही.

दोन दिवस काका थांबतील होय? "फटी भरायला काय इल्म लागतो? फौरन भरून टाकू."

पहिल्या खेपेला सिमेंट ताकासारखं पातळ कालवलं, भरभर पसरावं म्हणून. पोती टाकायला सवड कुणाला? दुसऱ्या दिवशी फटींना तडे, आणि फुंकर मारली तरी खपल्या उडायच्या. दुसऱ्या खेपेला बेतानं कालवलं, पण अख्खं घमेलं एकदम. तेवढ्यात सोलापूरची एसटी आली. कोण उतरलं ते बघायला काका स्टँडवर पळाले. परत येऊन त्यांनी थापी उचलली, तर तिच्याबरोबर घमेलंही वर आलं. तिसऱ्या खेपेला फटी झकास भरल्या, फक्त फरशीवर सांडलेलं पुसायचं राहिलं. सकाळी सगळी खोली राख फासल्यासारखी. काकांनी काथ्या घेऊन घासायला सुरुवात केली आणि घासता घासता फटींतलं ओलं सिमेंटही उकरून काढलं. या सगळ्यात मधूनमधून बोट होतंच.

सिमेंट तेव्हा तहसिलीतून परवान्यावर मिळायचं. आता पोत्याच्या तळाशी जेमतेम एका खेपेपुरतं उरलं होतं, आणि गवंड्याचा अजून पत्ता नव्हता.

नवरात्राआधीचे दिवस. देवी मंचकावर निजलेली, म्हणून काकांना देवळात काम कमी. ते खोलीच्या उंबऱ्याशी येरझाऱ्या घालत होते. काकू चुलीपाशी बसून बघत होत्या.

"देवी निजली. तुमी कवा निजणार?" काकू म्हणाल्या.

"फटी भरल्याबिगर झोप लागंल का मला?"

"उद्या येरमाळ्याला जावा. वन्संकडं. पाच दिवस ऱ्हावा."

"आन्‌ फरशी?"

"फरशीसाठीच सांगतेय."

मी भिंतीआड हसू दाबत होतो. काका मात्र हसले नाहीत. सकाळी पिशवी घेऊन मुकाट एसटीत बसले.

मग काकूंनी पदर खोचला. जन्मभर जमीन सारवलेला हात तो. वाटीभर सिमेंट कालवायचं, तेवढंच संपवायचं. बोटाला चिंधी गुंडाळून, करंजीची कड दाबावी तशी एकेक फट दाबली आणि लगेच ओल्या फडक्यानं फरशी पुसली. वर पोती टाकली. पुढचं दार लोटून घेतलं आणि मागच्या दारानं ये-जा सुरू केली.

दुसऱ्या दिवशी एसटीचा कंडक्टर दारात. "काकू, येरमाळ्याचे काका इचारतेत, वाळली का?"

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर. "काकू, तडा गेला का, ते बघून सांगा म्हणले."

चौथ्या दिवशी दुपारी ईटची मंडळी आली, ठरल्यापेक्षा एक दिवस आधी. म्हातारे, मुलगा, सून, गाठोडी. काकूंनी दार उघडून ओली पोती दाखवली. "उद्या सकाळी आत घेते हो तुमाला. आज पाय ठेवला तर समदं उखडंल."

सुनेनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं लॉजकडं. म्हाताऱ्यांनी गाठोडं पुन्हा खांद्यावर घेतलं.

नेमके तेव्हाच कोपऱ्यावरून काका आले. त्यांनाही येरमाळ्यात पाचवा दिवस निघाला नव्हता. यजमानांची वळलेली पाठ त्यांना दिसली. चपला भिरकावून ते सरळ खोलीत शिरले आणि पोती बाजूला ओढत मधोमध जाऊन उभे राहिले. "या, या मालक, आत या. फरशी गेली खड्ड्यात. तुमी परत लॉजवर जायाचं न्हाय."

आवाज फाटला होता. काकूंनी तोंडाला पदर लावला.

म्हातारे उंबऱ्याशी आले. वाकून त्यांनी ओली फट बघितली, बराच वेळ. "न्हाय बुवा," ते म्हणाले. "पेरलेल्या वावरात कोण पाय घालतं व्हय? आमी वसरीवरच टेकतो. उद्या येऊ आत."

गाठोडं खाली आलं. सून बसली, मुलगा बसला.

"मग मी बी येतो भाईर," काकांनी पाय उचलला.

"हलू नका," काकू म्हणाल्या. "जिथं हाय तिथंच बसा."

आणि मंडळी, काका बसले. दोन हात लांबीच्या एका फरशीवर, मांडी घालून, संध्याकाळपर्यंत. तिथूनच त्यांनी ईटच्या पावसाची, बैलांची, सुनेच्या माहेराची चौकशी केली. बोट दोनदा फटीकडं गेलं आणि दोन्ही वेळा मुठीत परत आलं. काकूंना फळी टाकून त्यांना सोडवता आलं असतं. फळी मागच्या दारातच होती. दिवेलागणीपर्यंत त्यांनी ती हलवली नाही.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. ईटची माणसं अजून त्याच खोलीत उतरतात. दुपारी मी शाळेतून परततो तेव्हा दार उघडं असतं आणि सगळी त्या गार फरशीवर, खाली काही न अंथरता, गाढ झोपलेली असतात. दर्शनाची रांग कमी झाली म्हणून त्यांना काकांसारखं हलवून उठवणारं मात्र आता कुणी नाही.