नंदाबाईंचे अर्धे बटाटे

कुठल्याही गोष्टीचं बूड आधी बघायचं, ही नंदाबाईंची सवय मंडईतली. तिथं आईच्या गाळ्यावर बटाट्याची पोती उलथीपालथी करण्यातच त्यांचं लहानपण गेलं. वरून ठणठणीत दिसणारं पोतं खाली सडलेलं असू शकतं, हे त्यांना शाळेनं नाही, त्या पोत्यांनी शिकवलं. शाळा सातवीत सुटली. ही सवय मात्र सुटली नाही, आणि त्यांच्याबद्दल मला जे कौतुक वाटतं ते बरंचसं या सवयीचंच आहे.

पुढं त्या शहराबाहेरच्या मांजरी गावात लेलेसाहेबांच्या पॉलीहाऊसमध्ये मुकादम झाल्या. हे श्याम लेले नारायण पेठेतले. दोन हजार एक साली त्यांच्या बँकेनं त्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली, म्हणजे स्वेच्छा बँकेची आणि निवृत्ती यांची. हाताशी आलेल्या पैशातून त्यांनी उसाच्या फडाशेजारी जमीन घेतली, प्लास्टिकचं छत उभारलं आणि जरबेरा लावला. शहराभोवती आयटी कंपन्या उगवत होत्या, त्यांच्या स्वागतकक्षात रोज ताजी फुलं लागत. धंदा बरा चालला. लेलेंना फक्त एकच खोड होती. राग आला की ते बोलत नसत, पाटी लिहीत.

पहिल्या वर्षी उन्हाळ्यात वाफे फार तापायला लागले, तेव्हा नंदाबाईंनीच तोड काढली. शेजारच्या फडातलं उसाचं पाचट आणून त्यांनी ते वाळकं पान रोपांच्या बुडाशी अंथरलं. ओल टिकली, तण दबलं. लेलेंनी सगळ्या बायांसमोर त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि मुकादम केलं. ते घड्याळ त्यांच्या हडपसरच्या घरात दारासमोरच लागलेलं असे. आल्यागेल्याला वेळ सांगताना नंदाबाईंची मान जरा ताठ व्हायची, आणि का होऊ नये?

दुसऱ्या वर्षीची नवी रोपं लावली आणि आठ दिवसांत ती मान टाकायला लागली. सकाळी पाहावं तर बहुतेक वाफ्यांत दहा-वीस रोपं आडवी. लेलेंनी दुकानातल्या सल्लागाराला बोलावलं. त्यानं उभ्या उभ्या पाहिलं, म्हणाला, "पाणी जास्त झालंय, मुळं कुजली," आणि चहा पिऊन गेला. संध्याकाळी वीज आली की पाणी सोडायचं काम कचरूचं. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: 'पाणी सोडणाऱ्याने डोके घरी विसरून येऊ नये. विसरायचेच असल्यास स्वतःही घरीच राहावे.' शनिवारपासून कचरूनं यायचं नाही, असंही ठरलं.

कचरू पन्नाशीचा, एकटा, पंपाशेजारच्या खोलीत राहणारा. काम गेलं की डोक्यावरचं छप्परही जाणार होतं. त्याला वाचता येत नव्हतं. पाटीवर काय आहे, असं त्यानं विचारलं तेव्हा नंदाबाई म्हणाल्या, "पाणी जपून वापरा, असं लिहिलंय." कचरूनं मान हलवली आणि तो खोलीतलं सामान आवरायला गेला.

नंदाबाईंना काही हे पटेना. त्यांनी एक पडकं रोप उपटून उलटं धरलं. कुजलेलं मूळ काळं पडतं, घाण मारतं. हे तर पांढरंशुभ्र होतं. पण जमिनीलगत रोप कुरतडलेलं होतं, अगदी बारीक दातांनी. दिवसभर वाफे धुंडाळले, पण खाणारा सापडेना.

तेव्हा त्यांना मंडईतली ओली फरशी आठवली. कापलेला बटाटा रात्रभर तिथं पडून राहिला की सकाळी त्याच्याखाली राखाडी किडे जमलेले असत. बोट लावलं की अंग मुडपून गोळी होणारे. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी घरून बटाटे आणले, कापून अर्धे केले आणि प्रत्येक वाफ्यात कापलेली बाजू खाली करून ठेवले. बाया हसल्या. "ताई, उद्या भाजी का?" नंदाबाई म्हणाल्या, "उद्या पाहुणे जेवायला येणार आहेत."

शुक्रवारी उजाडता उजाडता त्यांनी पहिला बटाटा उचलला आणि खाली मूठभर गोळ्या घरंगळल्या. दुसऱ्याखाली तेच, तिसऱ्याखाली तेच. कचरू निर्दोष होता! आनंदानं त्या धावतच सातव्या वाफ्यापाशी गेल्या. तिथला बटाटा उचलला, तर खाली एकही किडा नाही. वाफ्यात एकही रोप पडलेलं नाही.

आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. सातव्या वाफ्यात पाचट नव्हतं. ते कमी पडलं होतं म्हणून तो एक वाफा उघडा राहिला होता. त्यांनी शेजारच्या वाफ्यातलं पाचट हातानं उचकटलं. खाली ओलसर काळोख, कुजकं पान आणि लेकुरवाळ्या किड्यांचं अख्खं गाव. पान कुजत होतं, ते खाऊन किडे वाढत होते, आणि खाणारी पोटं वाढली तसे कोवळ्या रोपांवर येत होते. त्यांना घर दिलं होतं नंदाबाईंनी, आणि त्याचंच बक्षीस घरी भिंतीवर टिकटिकत होतं.

तो शुक्रवार त्यांना फार जड गेला. बटाटे दाखवले की कचरू सुटणार होता. पाचटाचं नाव घ्यायची काही गरज नव्हती. 'जुनं झालंय, बदलू या' म्हणून गुपचूप काढता आलं असतं. किडे आले कुठून, असं विचारलंच तर संध्याकाळच्या पाण्याकडे बोट दाखवता आलं असतं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. रात्री वाफे ओले राहत होतेच. पण तेवढ्यानं दोष थोडासा कचरूच्या अंगाला चिकटून राहिला असता.

शनिवारी लेले आले. बटाट्याखालची फौज पाहून त्यांचा चष्मा नाकावर घसरला. "नंदाबाई, आपण कमाल केलीत. उद्याच जालीम औषध फवारतो."

"बाया उघड्या हातांनी काम करतात साहेब. आणि औषध मारलं तरी ते परत येतील."

"का?"

"पाचटामुळं. पाचट मी टाकायला लावलं होतं. कचरूचं पाणी नाही, माझं पाचट नडलं." मग त्या म्हणाल्या, "घड्याळ सोमवारी आणून देते."

लेलेंनी घसरलेला चष्मा वर सारला. "घड्याळ राहू द्या. पाचट टाका म्हणालात तुम्ही, टाळ्या वाजवल्या मी. पुढचं सांगा."

पुढचं नंदाबाईंच्या मनात तयारच होतं. पाचट काढून लांब खताच्या खड्ड्यात टाकलं. वीज संध्याकाळी येई, तेव्हा टाकी भरून ठेवायची आणि पाणी सकाळी सोडायचं, म्हणजे रात्रीपर्यंत माती वरून सुकते. रोज संध्याकाळी बटाटे मांडायचे आणि सकाळी ते साबणाच्या पाण्यात झटकायचे. पहिल्या आठवड्यात बादली राखाडी झाली. तिसऱ्या आठवड्यात तळाशी मोजके दाणे उरले आणि रोपं पडायची थांबली.

पण हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी त्यांनी आणखी एक मागणं केलं. "साहेब, पाटी सगळ्यांसमोर लावलीत. उतरवायचीही सगळ्यांसमोर उतरवा."

लेलेंनी पाटी उतरवली, पुसली, आणि त्यांच्या बँकेतल्या वळणदार अक्षरात नवीन लिहिली: 'चूक पाण्याची नव्हती. कचरू यांची मनापासून माफी मागतो. श्याम लेले.' मग त्यांनी खडू नंदाबाईंच्या हातात दिला. त्यांनी खाली सातवीच्या अक्षरात लिहिलं: 'पाचट माझं होतं. नंदा.'

कचरू वळकटी काखेत मारून दारात आला. "जयभीम, नंदाताई. निघतो मी. ह्ये नवं काय लिवलंय?"

नंदाबाईंनी वाचून दाखवलं. साहेबांची ओळही वाचली, आणि स्वतःचीही, आवाज न पाडता.

कचरूनं वळकटी खाली ठेवली. "ताई, मागल्या पाटीत काय हुतं ते मला म्हाईत हुतं. पाटी वाचून माणसं माझ्याकडं बघायची. तेवढं येतं की वाचाया मला."

मग तो वळून पंपाकडे गेला, टाकीत पाणी किती आहे ते बघायला.