दाराशी थबकणारी पावलं

सिनेमातल्या नटांच्या पावलांचे आवाज काढण्यात त्याची हयात गेली होती. पडद्याकडे बघत चालायचं, नट दाराशी थबकला की आपणही थबकायचं. व्हिडिओ गेमच्या कंपनीत आल्यावर नायकाची पावलं त्याने सवयीने तशीच, मध्येच थबकणारी, रेकॉर्ड केली. चाचणीसाठी खेळणाऱ्या मुलीने मात्र नायकाला दाराकडे नेलंच नाही, आणि भर मैदानात चालतानाही त्याच्या पावलांचा आवाज अडखळत राहिला.

"काका, हा पिऊन आलाय का?" ती हसली. "इथे कुठे जायचं ते मी ठरवते!"

नोकरी टिकवायची तर कुठेही चालतील अशी पावलं हवी होती. घरी तो येरझारा घालत राहिला.

"अहो, बसा की जरा!" बायको वैतागली.

"कुठे निघालोय ते विसरून चालायला शिकतोय," तो म्हणाला, आणि दाराशी पुन्हा थबकला.