उलटा बसलेला जीन

मी शिकवते त्या कॉलेजच्या लॅबमध्ये जिवाणूंचं खाद्य शिजलं, की मटणाच्या अळणी रश्शासारखा वास सुटतो. आज तो आला आणि जुन्नरच्या एसटी स्टँडवरची एक दुपार आठवली.

तेव्हा मी पुण्यात अशाच वासाच्या लॅबमध्ये पीएचडी करत होते. आमच्या पिंपरी पेंढार गावच्या मातीतल्या एका जिवाणूत, पेशीच्या पडद्यातून मीठ बाहेर फेकणारं प्रथिन होतं. त्याचा जीन कापून दुसऱ्या जिवाणूत बसवण्यात आठ महिने गेले होते. स्टँडवर उतरले आणि मोबाईलवर सीक्वेन्सिंगचा, म्हणजे जीनचा क्रम वाचण्याच्या चाचणीचा, निकाल आला. जीन बसला होता, पण उलटा. त्यातून प्रथिन तयारच होणार नव्हतं.

माझे वडील, आप्पा, मोटरसायकल घेऊन न्यायला आले होते. "काय झालं गं? तोंड का उतरलंय?"

"जीन उलटा बसलाय. आठ महिने पाण्यात गेले!"

किक मारता मारता ते थांबले. "मंग काढायचा आन् फिरवून बसवायचा. विहिरीवरचा व्हॉल्व्ह मी उलटा बसवला व्हता, तवा काय पाईप फेकून दिला का?"

"हा काय व्हॉल्व्ह आहे? कळत नाही तर बोलू नका ना, आप्पा!" मी भर स्टँडवर ओरडले. त्यांनी किक मारली आणि गाडी घराकडे वळवली.

सोमवारी पुण्यात माझ्या गाईड सरांनी निकाल पाहिला. "कापून पुन्हा जोड, सरळ बसेल तो निवड. पंधरा दिवसांचं काम आहे."

मी मुकाट्याने "हो सर" म्हणाले. आज स्वतःचाच संताप येतो. कारण आप्पाच बरोबर होते, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.