अडीच मणाचं मन

असले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. रिकाम्या खोलीत बसून राहिलं की ते धुळीसारखे आपोआप साचतात. माझी खोली पहिले दोन महिने बहुतेक वेळ रिकामीच होती, त्यामुळे माझ्याकडे साठा जरा जास्त आहे.

मनाची दुखणी बोलून कशी बरी करायची, हे मी एडिंबरोत तीन वर्षं शिकले. परतीच्या बोटीवर डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: पिंपरीतला नवा औषधांचा कारखाना, तिथला कामगारांचा दवाखाना आणि माझ्या दाराशी लागलेली रांग. देश नवा, कारखाना नवा, मीही नवी! प्रत्यक्षात मिळाली ती टोकाची एक खोली, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात रिकाम्या बाटल्यांची खोकी. मॅनेजरसाहेब म्हणाले, "तीन महिन्यांत एक तरी माणूस बरा करून दाखवा. नाहीतर उरलेली खोकीही इथेच ठेवू."

रांग कुठे लागते, असं मी कंपाउंडर गोखल्यांना विचारलं. त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या खिडकीकडे बोट दाखवलं.

*

मग मी स्वतः पाटी रंगवली: 'मनावरचे ओझे येथे हलके करून मिळेल.'

चौथ्या दिवशी खरंच रांग लागली. गोदामातले आठ हमाल! मला अगदी भरून आलं. पहिल्याला खुर्चीवर बसायला सांगितलं, पण तो बसेना. म्हणाला, "बाई, आमचं पोतं अडीच मनाचं. एका मनावरचं दीड मन कवापासून हलकं व्हनार?"

इकडच्या गावांत 'ण' कुणी म्हणत नाही, मण आणि मन एकच, हे मला एडिंबरोत कुणी शिकवलं नव्हतं. मी समजावून सांगितलं की हे मन वेगळं, ते आत असतं.

"आत कायबी असू द्या," तो शांतपणे म्हणाला, "पाठीवर अडीच हाय."

*

पहिला खरा पेशंट मराठवाड्यातून आलेला एक फिटर. घरच्या आठवणीने त्याला जेवण जात नव्हतं. तासभर छान बोलला. उठताना म्हणाला, औषध? मी म्हटलं, हे बोलणं हेच औषध.

त्याने लगेच विचारलं, मग दिवसातून किती वेळा, आणि जेवणाआधी की नंतर? शेजारच्या औषधाच्या खिडकीतून गोखल्यांनी सांगून टाकलं, "जेवल्यावर. उपाशीपोटी बोललं की भांडणं होतात."

तो समाधानाने गेला. मी मात्र दोन दिवस गोखल्यांशी बोलले नाही. जेवल्यावरही नाही.

*

आमच्या प्रोफेसरबाईंचा एक नियम होता: पेशंट गप्प बसला तर आपणही गप्प बसायचं, तो आपणहून बोलतो. टाइम ऑफिसातल्या एका कारकुनावर मी तो लावून पाहिला. पंचवीस मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. मग तो हळूच उठला आणि बाहेर व्हरांड्यात आमच्या आयाला, सरूबाईला, म्हणाला, "बाईंना घरी काही त्रास आहे का हो? जरा बघा त्यांच्याकडे."

मी हे हसत हसत सांगते खरी. पण तेव्हा मला हसू आलं नव्हतं, कारण मला रात्र रात्र झोप येत नव्हती. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला? त्या कामाची बाई मीच होते.

*

तिसऱ्या महिन्यात सुपरवायझरने धोंडिबाला पाठवलं. धोंडिबा इथल्याच गावचा. कारखान्यात जमीन गेली, बदल्यात नोकरी मिळाली. बाटल्या धुवायच्या मशिनवर उभा राहिला की त्याचे हात थरथरत आणि बाटल्या फुटत. महिनाअखेरपर्यंत हात थांबले नाहीत तर त्याला कामावरून काढणार होते.

तो तीनदा आला. समोरच्या खुर्चीच्या अगदी कडेला टेकायचा, "बरं हाय" म्हणायचा आणि जायचा. माझ्या वहीत तीन पानं, तिन्हींवर 'बरं हाय'.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी दाराशी आले तर धोंडिबा व्हरांड्यात सरूबाईसमोर उकिडवा बसलेला. सरूबाई दुपारी तिथे घरचे तांदूळ निवडत बसायची. सूप दोघांच्या मधे होतं, तोही खडे वेचत होता. हात अजिबात थरथरत नव्हते. आणि तो बोलत होता.

"मशिनीखाली आमची हीर हाय, सरूबाय. मी आन् आबानं खांदलेली. वर पानी वाजाय लागलं की वाटतं, खालनं कुनीतरी हाका मारतंय. मग हात ऱ्हात न्हाईत."

सरूबाई नुसती "व्हय" म्हणाली, आणि मूठभर तांदूळ त्याच्या बाजूला सारले.

मी दाराआड उभी होते. आमच्या प्रोफेसरबाईंचा तोच नियम! फक्त त्यांनी तांदळाचं सांगितलं नव्हतं.

तो गेल्यावर मी खोलीत येऊन बसले आणि मला रडू फुटलं. थांबेचना. सरूबाई आत आली. तिने सूप माझ्या मांडीवर ठेवलं आणि धोंडिबाच्या खुर्चीत बसली.

"हात रिकामं ठेवू नका, बाई," ती म्हणाली. "बोला आता."

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तरी मी बोलत होते. काय बोलले ते वहीत नाही. त्या रात्री झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक मॅनेजरसाहेबांना: धोंडिबाला पॅकिंगला घ्या, पाण्याचा आवाज येणार नाही तिथे. दुसरी स्टोअरकीपरला: खोलीसाठी दोन सुपं आणि दहा शेर तांदूळ.

स्टोअरकीपर चिठ्ठी घेऊन स्वतःच आला. तांदूळ कोणता हवा, म्हणाला, चांगला निवडलेला आहे.

मी चिठ्ठी परत घेतली आणि 'तांदूळ'च्या पुढे लिहिलं: खड्यांसकट.